रगात घेवन गेले, उत्तर खंय?

सुरंगी (सोमवार, रात्री ९:१०)

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय.

मी कुडाळ तालुक्यातली. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त. आमच्याकडे मिरग लागला की दोन गोष्टी येणारच, तरवा म्हणजे भाताची रोपं, आणि लेप्टो म्हणजे उंदराच्या मुतातल्या जंतूने येणारा ताप. गेल्या आठवड्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाची माणसं आशाताईला घेऊन घरी आली. भातशेतीत राबणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोचा दोन हंगाम अभ्यास करायचाय. त्यासाठी गावातल्या आठ जणांचा 'लोकसल्लागार गट' करतायत, त्यात मी यावं असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं? तर त्यांच्यातली एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, "बाई, शेतात काय चालतं ते आम्हाला कळत नाही, ते तुम्ही सांगायचं."

गोड बोलली. संध्याकाळी शेजारच्या काकींना विचारलं, परत रक्त घ्यायला येणार आहेत, द्याल ना? काकी सत्तरीच्या पुढच्या, अजून लावणीला उतरतात. भांडी घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मागच्या खेपेक घेवन गेले त्येचा काय झाला? आमचा रगात गेला, उत्तर काय येवक नाय."

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. अशीच एक टीम आली होती. वाडीतल्या चाळीसेक जणांचं रक्त नेलं, कागदावर सही नाहीतर अंगठा, दंडावर कापसाचा बोळा आणि हातात बिस्किटचा पुडा. लोकांना रांगेत उभं केलं होतं ते मीच, बाई सांगतायत म्हणून आले बिचारे. त्यानंतर ती माणसं फिरकली नाहीत. फोन लावला तर उचलेनात. पुढे वर्षभर मला बाजारात कोणी ना कोणी विचारायचं, बाई, आमचा काय इला? मी आपली आज येईल उद्या येईल करत राहिले.

तर प्रश्न असा. हो म्हणू का? आणि म्हटलंच, तर आधी काय ठरवून घेऊ?

बांधावरचा (सोमवार, रात्री ९:४८)

बाई, हो म्हणा. पण पयला त्येंका गमबुटाचा विचारा.

आमच्या ग्रामपंचायतीत भाषण झालेलं. पडद्यावर चित्र, गोरापान शेतकरी, पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट, हसतोय. मी उभा राहिलो न् म्हटलं, साहेब, हे घालून एकदा आमच्या भाताच्या कोपऱ्यात उतरा. चिखल गुडघाभर. पाय उचलला की पाय येतो, बूट खालीच राहतो. मग दोन्ही हातांनी बूट उपटायचा, तोवर तरवो पाण्यात वाहून जातो. सगळी हसली. साहेब पण हसले. पुढच्या वर्षी परत तोच पडदा, तोच गोरापान शेतकरी.

चाकरमानी_परळ (सोमवार, रात्री १०:०५)

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ह्यांना गिनीपिग हवे असतात. पेपर त्यांचा, पदवी त्यांची, परदेशवारी त्यांची. गावातली माणसं गटात घेतली की फोटो चांगला येतो. आंध्रात आणि गुजरातमध्ये मुलींना लस दिली त्या प्रकरणाचं काय झालं आठवतंय ना? लांब राहा.

तर्कट (सोमवार, रात्री १०:३१)

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. संशोधन हे शिकलेल्यांचं काम आहे. विमान कसं उडवायचं ह्यावर आपण प्रवाशांचा सल्लागार गट नेमतो का? लोकांनी रक्त द्यावं, गोळ्या घ्याव्यात, बाकीचं तज्ज्ञांवर सोडावं. सगळीकडे ग्रामसभा कशाला?

मिरगाचा_पाऊस (सोमवार, रात्री १०:३३)

वाचतेय. पॉपकॉर्न घेऊन. म्हणजे भाजलेल्या काजूबिया घेऊन.

घाटाखालचा_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ७:१५)

ओपीडी सुरू व्हायच्या आधी लिहून टाकतो.

सुरंगीताई, काकींचा प्रश्न सोळा आणे बरोबर आहे, आणि त्यात आमच्या धंद्याचं एक दुखणं आहे. लेप्टोचं निदान एका रक्तात पक्कं होणं अवघड. जंतू अंगात शिरल्यावर त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात दिसायला साधारण आठवडा जातो. त्यामुळे तापाच्या तिसऱ्या दिवशी चाचणी केली तर आजार असूनही ती 'नाही' म्हणू शकते. शिवाय आपल्या भागात वर्षानुवर्षं चिखलात उतरलेल्या माणसाच्या रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं आधीच असू शकतात. मग आत्ताचा ताप लेप्टोचाच की जुनी खूण, हे ओळखायचं कसं? म्हणून दोन आठवड्यांनी दुसरं रक्त घेतात आणि पातळी निदान चौपट वाढली का ते बघतात.

हे कोणी सांगतच नाही. दुसऱ्यांदा सुई घेऊन गेलं की लोक म्हणतात, पहिलं रगात विकलं वाटतं. आणि दुसरं रक्त मिळालं नाही की आमच्याकडे अर्धवट उत्तर उरतं. अर्धवट उत्तर लोकांना काय सांगायचं, म्हणून कोणी काहीच सांगत नाही. माझ्या मते 'तुमच्या एका नमुन्यावरून नक्की सांगता येत नाही' हेसुद्धा उत्तरच आहे आणि ते घरी जाऊन द्यायला हवं.

बांधावरचे, गमबुटाचा मुद्दा मान्य. त्याच जातीचा दुसरा मुद्दा डॉक्सीसायक्लिनचा. लेप्टो होऊ नये म्हणून जोखमीच्या काळात आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात. आमच्याकडे आशाताई भल्या पहाटे बायका शेतात निघताना गोळ्या वाटायची, कारण नंतर कोणी घरात सापडत नाही. आणि बायकांची पेज यायची दहा वाजता, बांधावर. म्हणजे गोळी उपाशीपोटी. ही गोळी रिकाम्या पोटी भयंकर मळमळवते. दोन आठवडे उलट्या झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात गोळ्या परसात. आमच्या अहवालात मात्र 'गोळ्यांचे वाटप शंभर टक्के'. पेज किती वाजता येते, हे आम्ही एका बाईला विचारलं असतं तर? गोळी पेजेनंतर, तांब्याभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गरोदर बाया आणि लहान मुलं वेगळी, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. इथे वाचून कोणीही स्वतःहून सुरू करू नका, हे वेगळं सांगायला नको.

तर्कटराव, प्रवाशाला विमान उडवता येत नाही. पण विमान कुठे जायला हवं ते त्यालाच ठाऊक असतं.

तर्कट (मंगळवार, सकाळी ९:०२)

वाक्य झकास. मुद्दा अजून पटला नाही. एखादं उदाहरण द्या जिथे लोकांमुळे विज्ञान पुढे गेलं. सोयीचं नव्हे, विज्ञान.

तिलारी_काठ (मंगळवार, दुपारी १:२०)

देतो. माकडताप.

१९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात हा विषाणू सापडला, पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) शोधला. पण माणसं तापाने पडतायत आणि त्याच रानात माकडं मरतायत, ही सांगड तिथल्या गाववाल्यांच्या डोळ्यांपुढे होती. कानडीत त्याला माकडांचा आजार ह्या अर्थाचं 'मंगन कायिले' असंच नाव आहे. प्रयोगशाळेचं काम मोठंच, पण कुठे बघायचं ते मेलेल्या माकडांनी आणि ती बघणाऱ्यांनी दाखवलं.

आमच्या दोडामार्गात २०१६ ला साथ आली. काजूचा हंगाम आणि ह्या तापाचा हंगाम एकच, जानेवारीपासून मेपर्यंत. बी वेचायला वाकायचं, पाचोळ्यात हात घालायचा, आणि पाचोळ्यात हा ताप पसरवणारी गोचीड. तीळाएवढी असते, चावलेली कळत नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली उतरतात, म्हणून मेलेल्या माकडाच्या आसपासची जागा सगळ्यात वाईट. माझे काका पूर्वी काजूच्या कलमांत माकड मेलेलं दिसलं की हाताने ओढून पुरायचे, मुका जीव म्हणून दोन फुलंही टाकायचे. आता हात लावत नाहीत, फोन करतात. मग माणसं येऊन भोवती औषध मारतात, नमुना नेतात. कलमांत काय मेलंय ते तिथे रोज जाणाऱ्या माणसाशिवाय कोणाला दिसणार? हे विज्ञानाचंच काम झालं ना?

एक तक्रार आहेच. पहिल्या वर्षी अंगाला लावायचं तेल वाटलं ते बाटलीवरच्या इंग्रजी मजकुरासकट. काकूने ते आठवडाभर दिव्यात घातलं.

मिरगाचा_पाऊस (मंगळवार, दुपारी १:३१)

दिव्यात!! गोचिड्या नाही तरी डास पळाले असतील.

महाडची_लेक (मंगळवार, दुपारी ४:४५)

तर्कट, आमच्याकडचंही घ्या.

विंचू म्हटला की महाड-पोलादपूरकडे आजही लोक पाय झटकतात. चिऱ्याच्या गडग्यात, पेंढ्यात, गोवऱ्यांत, लाल विंचू कुठेही. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्यानेच गेला, वय नऊ. रात्रभर घाम, हातपाय बर्फ, पहाटे तोंडाला फेस. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा ह्या आजाराचं पुस्तकात धड काही नव्हतं. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. कधी चावला, घाम कधी फुटला, उलटी कधी झाली. १९८२ मध्ये ते 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्तातली गोळी ह्या दंशावर वापरली आणि मरणारी माणसं वाचायला लागली. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेली चाचणी, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची प्रतिलस दिली तर काय होतं ती, हीसुद्धा महाडलाच झाली, ७० रोग्यांवर. मागाहून, २०२२ ला, पद्मश्री.

आता बघा, 'कधी चावला' ह्याचं उत्तर डॉक्टरकडे नसतं. ते आजीकडे असतं. दिवेलागणीला चावला, जेवणं व्हायच्या आत घाम फुटला, असं घरचे सांगतात तेव्हा त्या वहीत आकडा चढतो. आणि गोळी कितीही गुणाची असली तरी रात्रभर मांत्रिकाकडे बसून पहाटे आणलं तर उपयोग काय? लवकर आणा, हे गावोगाव सांगावं लागलं. संशोधन आणि आरोग्यशिक्षण हे दोन वेगळे विभाग असतात, हे शहरात गेल्यावर कळलं मला.

खाडीपलीकडे (मंगळवार, रात्री ८:१०)

मांत्रिकावरून आठवलं. मी डहाणूकडचा, कोकणपट्टीचं आमचं टोक तुम्ही दक्षिणवाले नेहमी विसरता.

आमच्याकडे साप चावला की आधी भगत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) परळच्या संस्थेने डहाणूत सर्पदंशावर काम केलं तेव्हा भगतांना हाकलून न देता त्यांनाच शिकवायला घेतलं. माणूस रात्री दोन वाजता ज्याचं दार ठोठावतो त्याच्याकडून 'दवाखान्यात चल' हे ऐकलं तर तो ऐकतो. आमच्या पाड्यावरचा भगत आता अंगारा लावतो आणि त्याच हाताने जीप थांबवतो. अंगारा बंद करा असं कोणी म्हटलं नाही, वेळ घालवू नका एवढंच म्हटलं. काही जणांना हे पटणार नाही, अंधश्रद्धेला खतपाणी वगैरे. पटू नये. पोरं वाचतात.

चाकरमानी_परळ (मंगळवार, रात्री ९:००)

उदाहरणं छान आहेत. पण आंध्र-गुजरातवर कोणीच बोललं नाही.

कोकम_सरबत (मंगळवार, रात्री ११:२०)

मी बोलते. उशीर झालाय पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

मी एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर, म्हणजे माणसांवरचं संशोधन आधी तपासणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून आहे. बँकेतून निवृत्त, विज्ञानाशी संबंध अकरावीत संपला. अशा समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा, समाजशास्त्राचा आणि एक साधा माणूस लागतोच, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे ते. पहिल्या बैठकीला ऐंशी पानांचा गठ्ठा हातात आला. दोन तास गप्प बसले. शेवटी संमतिपत्राचा मराठी मसुदा आला, त्यात 'वेनिपंक्चरद्वारे नमुना संकलन' असं लिहिलेलं. मी विचारलं, म्हणजे काय करणार? शिरेतून रक्त काढणार, म्हणाले. मग तसंच लिहा की. तेवढंच बोलले त्या दिवशी.

चाकरमानी, तुम्ही म्हणताय तो २००९-१० चा एचपीव्ही लशीचा प्रकल्प, खम्मम आणि वडोदरा. खम्ममला वसतिगृहातल्या बऱ्याच मुलींच्या वतीने गृहपालांनीच सह्या केल्या, आईबापांना पत्ता नाही. २०१० मध्ये तो थांबवला, २०१३ मध्ये संसदीय समितीने चांगलं झोडपलं. पण त्यातून 'लस वाईट' असा अर्थ लोकांनी काढला तो चूक. लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध चांगलीच आहे. बिघडलं ते विचारण्यात. आणि एकदा विचारण्यात बिघडलं की चांगल्या लशीचंही नाव जातं, पुढची कित्येक वर्षं. लांब राहा म्हणता, पण लांब राहिल्याने हे सुधारत नाही हो. आत बसून 'वेनिपंक्चर म्हणजे काय' विचारणारं कोणीतरी लागतं.

सुरंगीताई, आता तुमचं. संमतिपत्राची एक प्रत घरात राहिलीच पाहिजे, आणि तिच्यावर नैतिकता समितीचा फोन क्रमांक हवा, अभ्यास करणाऱ्यांचा तर हवाच. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवायचं आणि अंगठ्याशेजारी त्यांच्या टीमबाहेरच्या साक्षीदाराची सही. तो साक्षीदार तुम्ही होऊ नका, तुम्ही गटात असाल. मधेच नको म्हणालं तर नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत हे कागदावर आहे का बघा. गोळ्यांची किंवा लशीची चाचणी असेल तर ती सीटीआरआय ह्या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत असायला हवी, २००९ पासून सक्तीचं आहे. इंटरनेटवर कोणालाही बघता येते.

आणि सगळ्यात आधी, निकाल कोण, कधी, कुठे येऊन सांगणार हे तारखेसकट लिहून घ्या. 'यथावकाश कळवण्यात येईल' ह्या शब्दांना हात लावू देऊ नका. गट नेमणार असतील तर सल्ला मानला की नाही, नसेल तर का, हेही इतिवृत्तात यायला हवं. नाहीतर चाकरमानी म्हणतात तसा फोटोपुरता गट होतो. असे मी दोन पाहिलेत, चहा उत्तम होता.

तर्कट (बुधवार, सकाळी ८:४०)

बरं. विमानाचं उदाहरण मागे घेतो. पण एक शंका राहते. लोक मागतील ते संशोधन आणि गरजेचं संशोधन एकच असेल कशावरून?

घाटाखालचा_डॉक्टर (बुधवार, दुपारी २:५०)

एकच नसतं, म्हणून तर दोघांनी एकत्र बसायचं. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम हेच करतो, रोगी, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर मिळून पहिले दहा प्रश्न ठरवतात. त्याआधी २००० साली गुडघ्याच्या संधिवातावर 'लॅन्सेट'मध्ये एक लेख आला होता. संशोधन बहुतेक औषधांवर, रोग्यांना मात्र औषधांपेक्षा नीट माहितीसारख्या दुसऱ्या गोष्टींत जास्त रस. आपल्याकडे गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने लोकांना विचारलं तेव्हा दवाखानाच वेगळा झाला. आदिवासी पाड्यासारख्या झोपड्या आणि दंतेश्वरी देवीचं नाव.

संकासुर_फॅन (बुधवार, रात्री १०:१५)

अवांतर, पण अगदीच नाही.

आमच्या जत्रेत लेप्टोवर दोन शब्द घालावेत म्हणून एका अधिकाऱ्यांनी दशावतार कंपनीला वीस पानी संहिता आणून दिली. मालकांनी कपाळाला लावली आणि परत दिली. म्हणाले, "साहेब, आमी पाठ करणव नाय. विषय सांगा, बाकीचा रंगमंचार." रात्री संकासुर आला, काळा झगा, लाल जीभ, वेद पळवायच्या ऐवजी आधी लंगडत फिरला. हरदासाने विचारलं, काय रे झाला? "पोटऱ्यो दुखतत, डोळे लाल झाले, ताप इलो. उंदरान मुतलेल्या चिखलात उतारलंय, पायाक चिरी होती." मग वैद्याकडे जायला किती दिवस लावले ह्यावर अर्धा तास. लोक हसून आडवे. पोटऱ्या दुखणं, लाल डोळे आणि ताप ही तिन्ही लक्षणं दुसऱ्या दिवशी आमच्या बालवाडीतली पोरं लंगडत म्हणत होती.

बांधावरचा (बुधवार, रात्री १०:२२)

कंपनीचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करा. आमच्या जत्रेक सांगतंय.

सुरंगी (पुढच्या रविवारी, संध्याकाळी ६:३०)

मंडळी, झाली बैठक. शाळेच्या व्हरांड्यात, आठातले सहा जण. काकींनाही नेलं, गटात नसताना. कोकमताई, तुमचा प्रतिसाद छापून पर्समध्ये होता.

दुसऱ्या रक्ताची तारीख बरोबर गौरी-गणपतीत आली होती, ती पुढे ढकलली. गोळी पेजेबरोबर बांधावर, हे लगेच मान्य. संमतिपत्रातून 'यथावकाश' गेलं. लावणीचे निकाल दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी देवळाच्या मंडपात एकत्र सांगणार, आणि ज्याचं त्याचं ज्याला त्याला घरी, बंद पाकिटात. गमबुटावर मात्र खडाजंगी. मोठे डॉक्टर म्हणाले, शास्त्र तेच सांगतं. बांधावरचे, तुमचं 'पाय येतो, बूट राहतो' मी जसंच्या तसं ऐकवलं. हसले, पण इतिवृत्तात फक्त 'चर्चा झाली' एवढंच आलंय. भांडणार आहे.

एक मजा सांगते. काकी मधेच म्हणाल्या, "आमी चिखल्यांका करंजाचा तेल लावतो, त्येना तुमचो जंतू आत जाता की नाय?" मोठे डॉक्टर थांबले. म्हणाले, माहीत नाही. त्या तरुण डॉक्टरणीने वहीत लिहून घेतलं, आणि चिखल्या म्हणजे काय ते काकींच्या पायाची बोटं फाकवून बघितलं. भेगांत अजून माती होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, प्रश्नावलीत 'पायाला काय लावता' हा प्रश्न घातलाय.

मी जुन्या रक्ताचंही काढलं. ती टीम ह्यांची नव्हती, तरी डॉक्टरीण म्हणाली शोधते. काल तिने आरोग्य केंद्रातल्या जुन्या रजिस्टरचा फोटो पाठवला. चाळीस नावं, काकींचं तेविसावं, पुढे अंगठा. शेवटचा रकाना 'निकाल', वरपासून खालपर्यंत कोरा.

चाकरमानी_परळ (रविवार, संध्याकाळी ७:०५)

काकींना दाखवलात?

सुरंगी (रविवार, रात्री ८:५०)

दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "माझो अंगठो बरो उठलोहा." मग विचारलं, ह्या पोरग्या परत कधी येतत, शुक्रवारी नको म्हणून सांग, त्या दिवशी माझी लावणी आसा.